भट्टी परकी, घाणा घरचा

परदेशी गेलेल्या मुलामुलींची पत्रे पूर्वी दोन-तीन ठराविक विषयांवर संपत असत: तेथील थंडी, येथील मंडळींची प्रकृती, आणि महिनाअखेरीस न पुरणारे पैसे. आता पत्रांची जागा बोलत्या चित्रांनी घेतली आहे. ज्या घरातील एखादी मुलगी शिक्षणासाठी अथवा एखादा मुलगा नोकरीसाठी दूरदेशी गेला आहे, त्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस त्यांची खोली, खिडकीबाहेरचे बर्फ, फार काय त्यांची चूलसुद्धा बसल्या जागी दिसते. आणि चूल दिसू लागल्यापासून पुष्कळ घरी एका नव्या वादास आरंभ झाला आहे. चार देशांच्या चार मैत्रिणी एका टेबलाभोवती उभ्या आहेत, मधोमध मोठे भांडे आहे, हात पिठाने माखले आहेत, भट्टीतून गोड वड्यांची तबके निघत आहेत, असे दृश्य दिसले की इकडे एखादी आजी चष्मा पुसून विचारते, "अगं, हे काय चाललंय? आणि त्यात हात कुणाकुणाचे?" या तबकांविषयी व या प्रश्नाविषयी या महिन्यात चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आमचे पनवेल हे मूळचे खाडीवरील बंदराचे व घाटाखालच्या वाटेवरचे गाव. येथे परका माणूस कधी नवा नव्हता. नगरपालिकासुद्धा येथे १८५२ साली, म्हणजे पुष्कळ मोठ्या शहरांच्या आधी आली. तथापि परका माणूस गावात येणे वेगळे आणि घरचे माणूस परमुलखात जाणे वेगळे. सिडकोने नवे पनवेल वसविल्यापासून येथे नोकरदार कुटुंबांची वस्ती वाढली, मुले शिकली, आणि बघता बघता आळीआळीतून निदान एक तरी घर असे झाले की ज्याचे एक माणूस सातासमुद्रापलीकडे आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तर विमानतळाचेच उद्घाटन आमच्या उंबऱ्याशी झाले. तेव्हा हा विषय आम्हांस दूरचा राहिलेला नाही.

प्रथम त्या वस्तूचीच ओळख करून घेऊ. अमेरिकेत जिला 'कुकी' म्हणतात तिला इंग्लंडात 'बिस्किट' म्हणतात. आणि अमेरिकेत 'बिस्किट' मागितले असता मऊ, फुगीर, पावासारखी एक वस्तू पुढे येते, त्यामुळे नवखा मनुष्य पहिल्या आठवड्यातच फसतो. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थ 'दोनदा भाजलेले'. कुकी हा शब्द मात्र डच लोकांचा. त्यांच्या भाषेत 'कुक्ये' म्हणजे लहानसा केक. न्यूयॉर्क शहर १६६४ पर्यंत डचांच्या ताब्यात होते व त्याचे नाव न्यू ॲमस्टरडॅम असे होते. तेथून हा शब्द अमेरिकनांच्या स्वयंपाकघरात शिरला आणि इंग्रजांचे राज्य आले तरी बाहेर पडला नाही.

आता मौज अशी की, आपल्याकडील नानकटाईची जी हकीकत सांगतात तीतही डचच आहेत. सुरतेस डचांची वखार होती. तेथील भट्टी पुढे एका पारशी गृहस्थाकडे आली, पावास गिऱ्हाईक राहिले नाही तेव्हा त्याने सुकविलेला पाव व तुपाची बिस्किटे विकण्यास आरंभ केला, आणि त्यांतूनच गुजरातच्या एका जुन्या मिठाईच्या धर्तीवर नानकटाई निघाली, असे सुरतेकडे सांगतात. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, हे तर सर्वांस ठाऊक आहे. 'खताई' म्हणजे चीन देश असे कित्येकांचे म्हणणे. याचा निर्णय पंडितांनी करावा. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, पनवेलची मुलगी अमेरिकेतल्या भट्टीशी नानकटाई करू लागते तेव्हा ती काही अगदीच अनोळखी घरात शिरत नाही.

अमेरिकेतला पहिला म्हणून गणला जाणारा पाकशास्त्राचा ग्रंथ अमीलिया सिमन्स नावाच्या बाईने १७९६ साली प्रसिद्ध केला. त्यात नाताळच्या कुकीची एक कृती आहे. तीत पीठ आहे, लोणी आहे, साखर व दूध आहे, फुगविण्यास खार आहे, आणि चांगली चहाचा पेला भरून धण्याची पूड आहे! अंडे नाही. ही वस्तू प्रथम कडक लागली तरी मातीच्या भांड्यात घालून ठेवावी, सहा महिन्यांनी ती अधिक मऊ व अधिक चांगली होते, असेही बाईंनी बजावले आहे. आमच्या आज्यांपैकी कोणासही ही कृती वाचून दाखविली तर धण्याविषयी त्या नाक मुरडतील. पण सहा महिन्यांची बेगमी करणाऱ्या त्या बाईंस त्या आपलीच म्हणतील यात संशय नाही. आज जी चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी जगभर चालते ती मात्र अलीकडची. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन गावी खाणावळ चालविणाऱ्या रूथ वेकफील्डबाईंनी १९३८ च्या सुमारास ती रूढ केली.

आपल्या घरी भट्टी नव्हती. चुलीवर उकडणे, तळणे, परतणे, भाजणे ही सारी कामे होत. पण चारी बाजूंनी सारखी धग देणारे साधन गृहिणीजवळ नव्हते. हौशी बायका जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालीत, तीवर ताटली ठेवीत, झाकणावर निखारे पसरीत, आणि वरून-खालून विस्तव देऊन एका वेळी आठ-दहा नानकटाया भाजीत. पुढे तो ॲल्युमिनियमचा वाटोळा विजेचा ओव्हन आला, ज्याच्या झाकणास मध्ये काचेचे भिंग असे व ज्यातून सारी मुले पाळीपाळीने आत डोकावत. दोहोंच्या मध्ये आणखी एक रीत होती. दिवाळीच्या अगर मे महिन्याच्या सुटीच्या आधी मैदा, तूप व साखर घरून डब्यांतून घेऊन बेकरीत जावयाचे, तेथे आपले सामान आपल्या डोळ्यांदेखत मळवून घ्यावयाचे, किंवा गोळे घरूनच वळून न्यावयाचे, आणि भट्टीवाल्याच्या तबकांतून भाजून आणावयाचे. मुंबई-पुण्याच्या आणि आमच्यासारख्या लहान गावांच्याही पुष्कळ वाचकभगिनींनी लहानपणी त्या ओळीत उभे राहून तो वास घेतला असेल.

ही ओळ जितकी आनंदाची, तितकीच ती वडील मंडळींस अवघड वाटे, हे आज विसरले जाते. भट्टीवाला इराणी असे, मुसलमान असे, गोव्याकडचा ख्रिस्ती असे. पावाविषयी तर आपल्या किनाऱ्यावर भलतीच धास्ती होती. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत कोणत्या घरी सांगितली गेली नाही? त्यात पाव फुगविण्यास ताडी वापरीत, म्हणजे शंकेस आणखी एक आधार. नानकटाईस ताडी लागत नाही, अंडे लागत नाही, आणि विशेष म्हणजे पाणी लागत नाही. दशमी दुधात भिजवितात म्हणून ती खरकटी धरीत नसत व प्रवासात चाले; त्याच न्यायाने नुसत्या तुपात मळलेली नानकटाई पुष्कळ सोवळ्या घरांत मागल्या दाराने का होईना शिरली. धर्मशास्त्र कडक असले तरी आमच्या पणज्या वाट काढण्यात कमी हुशार नव्हत्या.

बिस्किटाने केवढे रण माजते हे तर पुण्याने पाहिलेच आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी घेतले, कोणी नुसता हात लावून ठेवून दिले. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर मंडळींची नावे छापविली आणि जे 'चहा-ग्रामण्य' उपस्थित झाले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ते झाली, बहिष्कार झाले, श्राद्धास ब्राह्मण मिळेनात, घराघरात नणंदा-भावजयांचे येणेजाणे अडले. एवढे महाभारत एका बशीतल्या बिस्किटावरून झाले! दिल्लीस १८९८ साली खास 'हिंदु बिस्किट कंपनी' निघाली ती याच धास्तीमुळे. आणि आपल्याकडे साठ्यांची बिस्किटे घरात आली तेव्हा डब्यावरील आडनाव पाहूनच कित्येक सासूबाईंनी डबा फळीवर ठेवू दिला असेल.

हेच गोपाळराव जोशी डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. ज्या घरातील मुलगी एकटी परदेशी निघाली असेल त्या घराने आनंदीबाईंची हकीकत अवश्य वाचावी. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात त्या प्रथम राहिल्या. तेथे त्यांस माणसे मिळाली, घर मिळाले, मावशी मिळाली. पुढे फिलाडेल्फियास वैद्यकीय शाळेत गेल्यावर मात्र खोलीतील शेगडी अशी होती की पेटविली तर धूर आणि न पेटविली तर थंडी. लुगडे, शाकाहार आणि आपली राहणी यांस त्या अखेरपर्यंत धरून राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. जपानच्या के ओकामी व सिरियाच्या साबात इस्लांबुली यांच्याबरोबर आपापल्या देशीच्या वेषात काढलेले त्यांचे १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आम्हांस ते पाहताना नेहमी त्या शेगडीची आठवण होते. परमुलखात माणसास काय खावे याची जितकी अडचण पडते, तितकीच ते कोणाबरोबर शिजवावे याचीही पडते. आणि दुसरी अडचण घरच्या मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही.

आता अलीकडची गोष्ट. आमच्या आळीतील एका घरची नात जर्मनीत शिकत आहे. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत त्या देशी घरोघरी लहान लहान बिस्किटे भाजण्याचा प्रघात आहे, आणि तो एकटीने पाळावयाचा नसून शेजारणी-मैत्रिणींनी जमून पाळावयाचा असतो. हिच्या बिऱ्हाडात चौघी: एक तेथलीच, एक तुर्कस्तानची मुसलमान, एक गुजरातकडची जैन, आणि ही आमची कोकणस्थ. जर्मन मुलीने आपल्या आईची कृती काढली तो तीत अंडी निघाली आणि वर रमचा शिडकावा. जैन मुलीस अंडे चालेना, तुर्की मुलीस रम चालेना. तेव्हा आमच्या नातीने आजीस हाक मारली. पुढील संभाषण आम्हांस त्या घरीच ऐकावयास मिळाले, ते होते तसे देतो.

"आजी, आपली नानकटाई सांग. चौघींनाही चालेल अशी तीच एक आहे."

"त्यात अंडं नाही घालायचं हो!"

"म्हणून तर विचारते आहे."

"भांडं कुणाचं?"

"सगळ्यांचं. घासून घेतलंय."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. घरातील सून हातातले काम टाकून दारात उभी राहिली. आता काय निघते कोणास ठाऊक, असे तिच्या चेहऱ्यावर होते.

"मळणार कोण?"

"आम्ही चौघी."

"छे छे! चौघींनी मळू नका."

"आजी, असं काय गं!"

"अगं, चौघींचे हात लागले तर तूप तापेल, गोळा सैल होईल आणि भट्टीत सगळं पसरेल. जिचा हात थंड असेल तिने एकटीने मळा. बाकीच्यांनी वळायला बसा."

थंड हात तुर्की मुलीचा निघाला. मळण्याचा मान तिच्याकडे गेला. आजींनी त्यास हरकत घेतली नाही. उलट, तिने गोळा फार रगडू नये म्हणून दोनदा सूचना दिली, ती नातीने जर्मन भाषेत पुढे पोचविली.

आमच्या मते या प्रसंगात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. अंडे न खाण्याचा आपला निर्बंध आजवर आपण दुसऱ्याच्या पंगतीस नकार देण्यासाठी वापरला. त्याच निर्बंधातून उपजलेली वस्तू येथे चौघींना एका टेबलाशी बसविण्यास उपयोगी पडली. जैन मुलीस ती चालली, मुसलमान मुलीस चालली, जर्मन मुलीस तर आवडलीच. मंडळीत ज्यू मैत्रीण असती तर तिलाही चालती, फक्त मांसाच्या जेवणानंतर लगेच नव्हे, कारण तूप हा दुधाचा पदार्थ आणि त्यांच्याकडे दूध व मांस एकत्र येऊ देत नाहीत. दूधतूपही वर्ज्य करणारी मंडळी अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी थिजलेले खोबरेल घ्यावे, कोकणी माणसास ते काही अपरिचित नाही.

ज्यूंचा उल्लेख आम्ही सहज केला नाही. पनवेलातून परदेशी जाऊन राहिलेल्या पहिल्या मराठी घरांत आमचे बेने इस्राएल शेजारी येतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ पासून पनवेलात आहे. १९४८ नंतर त्यांची बहुतेक कुटुंबे हळूहळू इस्राएलास गेली. त्यांच्या स्वयंपाकात मांसाच्या पदार्थास दुधाऐवजी नारळाचे दूध लागते. कोकणच्या माडाने धर्मशास्त्राची केवढी सोय केली पाहा! तेथेही त्यांच्या वडील पिढीने मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे नियतकालिक काढले. आणि त्यांचा मलिदा! भिजविलेले पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा हा प्रसाद एलियाहू नबीच्या नावाने शुभकार्याच्या वेळी करतात. तो एकट्याने करून एकट्याने खाण्याचा पदार्थच नव्हे. दहा माणसे जमावीत, प्रार्थना व्हावी, मग तो वाटला जावा. जो पदार्थ करण्यास माणसे जमवावी लागतात तो परमुलखातही टिकतो, अशी आमची समजूत या शेजाऱ्यांकडे पाहूनच झाली आहे.

येथून आम्ही आमच्या मूळ म्हणण्याकडे येतो. आपल्याकडील आया डबा पाठवितात. चकल्या, लाडू, चिवडा, शंकरपाळे कागदात गुंडाळून, डब्यात दाबून, डब्यास चिकटपट्टी मारून, वजनाच्या मानाने भरमसाट पैसे भरून पाठवितात. त्यामागील मायेविषयी कोण काय बोलणार? पण तो डबा कसा खाल्ला जातो याची कोणी चौकशी केली आहे काय? अभ्यास करता करता, रात्री, खोलीचे दार लावून, मुठीमुठीने. चकलीचा चुरा झालेला असतो तो चमच्याने. डब्याच्या तळाशी पोचेपर्यंत घरची आठवण अधिकच येते, आणि रिकामा डबा धुताना तर विचारूच नका. असे आम्हांस एकीने नव्हे, चौघी-पाच जणींनी सांगितले आहे. डबा एकट्याने संपविता येतो. घाण्याचे तसे नाही. घाणा घातला की त्यास माणसे लागतात.

हे आपल्याला नवे थोडेच आहे? दिवाळीच्या आधी करंज्यांचा बेत एका घरी ठरला म्हणजे शेजारच्या काकू आपले पोळपाट-लाटणे घेऊन येत. एकीने लाटावे, एकीने सारण भरावे, एकीने कातणीने कड कापावी, थोरलीने कढईशी बसावे, आणि आज हिच्या घरी तर उद्या तिच्या. उडदाच्या पापडांचेही तेच. लाट्या पळविणारी पोरे त्यात धरावयाची नाहीत. या कामात जी सुखदुःखे बोलली जात ती दुसऱ्या कोठे बोलली जात नसत. हात गुंतलेले असले आणि नजर पिठावर असली म्हणजे तोंड मोकळे होते. अमेरिकेत डिसेंबरात मैत्रिणी आपापल्या घरी एकेक जातीच्या कुकी डझनांनी भाजतात आणि एकत्र जमून त्यांची अदलाबदल करतात. आपण फराळाची ताटे शेजारी पोचवितो तेव्हा निराळे काय करतो? आपल्या ताटावर विणलेला रुमाल असतो, एवढाच फरक.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले; उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली. त्यांच्या दिवाळीस फराळ असतो, गाणे असते, आणि ते सर्व उत्तमच आहे. परंतु शे-दोनशे माणसांच्या समारंभात मनुष्य पाहुणा असतो. चौघींच्या स्वयंपाकघरात त्यास काम असते.

काही वडील मंडळी म्हणतील की, अशाने सारे एकात एक होऊन आपले असे काही उरणार नाही. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या आजोबांनी पंचहौदानंतरचे दिवस सोसले त्यांच्या बोलण्यास वजन आहे. पण जर्मनीतल्या त्या टेबलाशी कोणी आपला निर्बंध सोडला? जैन मुलगी जैन राहिली, तुर्की मुलगी मुसलमान राहिली, आमच्या नातीने अंड्याची बशी बाजूस सारली. उलट, प्रत्येकीस आपले नियम मोठ्याने सांगावे लागले आणि इतरांनी ते ऐकून त्याप्रमाणे सामान बदलले. आम्हांस या पिढीविषयी तक्रार आहे ती निराळीच. ही मंडळी खाण्याआधी छायाचित्र काढतात, तोवर चहा निवतो; आणि नानकटाईस स्कॉटलंडच्या 'शॉर्टब्रेड'ची हिंदी बहीण म्हणून ओळख करून देतात. त्या वस्तूत साखर एक भाग, लोणी दोन भाग, पीठ तीन भाग असते व वेलचीचा पत्ता नसतो. बहीण म्हणाल तर चुलत बहीण म्हणा.

तेव्हा डबा पाठवावा, पण त्याबरोबर प्रमाणही पाठवावे. आणि येथेच खरी अडचण आहे. आमच्या आज्यांचे प्रमाण म्हणजे 'तूप मावेल तितके', 'साखर तोंड बघून'. घरची वाटी, घरची चूल व घरचा हात यांच्या आधारावर हे उभे असते. त्यांतले एकही परदेशी जात नाही. अमेरिकेत 'कप' म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटरचे ठरीव माप असते, आपली आमटीची वाटी नव्हे. म्हणून एकदा आजींस ओट्याशी बसवावे, त्यांनी हाताने घेतलेले प्रत्येक जिन्नस ताजव्यात घालावे आणि वजन लिहून काढावे. त्या रागावतील; तरी करावे. पुढे हेच एक काम राहून गेले म्हणून पुष्कळ घरे हळहळतात. मुलाच्या बॅगेतही हा कागद घालावा, मुलीच्याच नव्हे.

वरील घरी असे मोजून जे प्रमाण निघाले ते येणेप्रमाणे: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, मीठ चिमूटभर, वेलचीपूड एक चमचा व जायफळ आवडीप्रमाणे. पंचवीस-सव्वीस होतात.

तूप थिजलेले घ्यावे, पातळ करू नये. पनवेलच्या उन्हाळ्यात ते पाण्यासारखे असते म्हणून परात बर्फावर ठेवावी लागते. तिकडे ते दगडासारखे असते, म्हणून तासभर उबेस ठेवावे. साखर व तूप पांढरेशुभ्र व हलके होईपर्यंत फेसावे. नानकटाईची सारी खुसखुशी या फेसण्यात आहे. मग पीठ चाळून घालावे व गोळा जमेल इतकेच मळावे. तुपाऐवजी लोणी घेण्याचा मोह होतो, परंतु तेथील लोण्यात शेकडा १६ ते १८ इतके पाणी असते. पाण्याने पिठास चिवटपणा येतो आणि वडी पसरते. घरीच लोणी कढवून तूप करावे, मात्र खिडकी उघडून. पुष्कळ बिऱ्हाडांत छतास धुराची घंटा असते व ती फोडणीस आणि आगीस सारखेच मानते. इंग्लंडात 'सेल्फ-रेझिंग' नावाचे पीठ मिळते, त्यात फुगविण्याची पूड आधीच घातलेली असते. ते घेतल्यास आपली पूड घालू नये. अमेरिकेतील तयार पिठीसाखरेत थोडे मक्याचे सत्त्व असते, त्याने बिघडत काही नाही.

भट्टी १७० अंशांवर आधी तापवून घ्यावी. अमेरिकन भट्टीवर फॅरनहाइटचे आकडे असतात, तेथे ३२५ व ३५० यांच्या मधोमध काटा ठेवावा. तबकावर भाजण्याचा कागद घालावा. मेणकागद घालू नये, तो धुरावतो. गोळ्यांत दोन बोटांचे अंतर ठेवावे, वर पिस्त्याची कापटी दाबावी, आणि पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. नवशिक्या येथेच चुकतात. पंधरा मिनिटांनी नानकटाई बोटास मऊ लागते म्हणून ती कच्ची समजून आणखी ठेवतात, आणि मग ती कडक व कडवट होते. बूड किंचित तांबूस झाले की काढावी. ती कडक होते ती भट्टीबाहेर, निवताना. तोवर तबकावरून हलवू नये, नाहीतर मोडते. मोडलेल्या करणाऱ्यांनी तेथेच खाव्यात, असा सर्व देशांत नियम आहे.

चौघींत भट्टी एकच असेल तर उरलेला गोळा झाकून थंड जागी ठेवावा. पहिला घाणा निघाल्यावर त्याच गरम तबकावर दुसरे गोळे मांडू नयेत. ते भट्टीत जाण्यापूर्वीच वितळून पसरतात. तबक पुरते निवू द्यावे. त्यास दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात चहा होतो.